बागेचं कुंपण: अमेरिकेत चर्च आणि सरकार वेगळी का झाली

मावशी नगरहून पहिल्यांदा अमेरिकेत आली, त्याच आठवड्यातल्या रविवारची गोष्ट. उपासना आटोपून आम्ही बाहेर पडलो. तिच्या बॅगेचं चाक विमानतळावरच निखळलं होतं, म्हणून म्हटलं, जाता जाता नवी बॅग घेऊ. मॉलच्या आवारात शिरलो तर हजारेक गाड्यांची जागा, आणि त्यात एकही गाडी नाही. माझ्या डोक्यातून निघूनच गेलं होतं. न्यू जर्सीतल्या बर्गन काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, रविवारी कपडे, फर्निचर, घरगुती सामान असलं काहीही विकायला कायद्यानं बंदी आहे. किराणा मिळतो, औषधं मिळतात, पण सदरा नाही की बॅग नाही. काउंटीची हद्द ओलांडली की पलीकडे सगळं उघडं.

मावशीला फार बरं वाटलं. "शब्बाथ पाळतात गं इथे," ती म्हणाली. शब्बाथ म्हणजे देवासाठी राखलेला विश्रांतीचा दिवस. घरी आल्यावर तिनं डॉलरची नोट चष्म्याजवळ धरून वाचली. देवावर आमचा भरवसा आहे, असं त्या नोटेवर इंग्रजीत छापलेलं असतं. मग माझ्या मुलाला विचारलं, शाळेत सकाळी कोणती प्रार्थना म्हणता? तो म्हणाला, "प्रार्थना नसते आजी, शिक्षकांनी ती घ्यायची नसते." मावशी गप्प झाली. रात्री भांडी विसळता विसळता तिनं मला विचारलं, "मग हा देश ख्रिस्ती आहे की नाही? एकदा काय ते सांग."

एका वाक्यात सांगण्यासारखं हे उत्तर नाही. मी तिला पुढचे तीन-चार दिवस तुकड्यातुकड्यानं सांगत राहिले. तेच इथे सलग मांडते आहे, कारण आपल्याकडे या विषयाबद्दल एक समज पक्का बसलेला आहे. धर्माला कंटाळलेल्या, देव न मानणाऱ्या लोकांनी अमेरिकेत चर्च आणि सरकार वेगळं केलं, असा तो समज. इतिहास बघितला तर या भिंतीचे पहिले दगड रचणारे लोक रात्रंदिवस बायबल वाचणारे होते. कित्येकांनी त्यासाठी पाठीवर फटके खाल्ले होते.

सुरुवात युरोपातून करावी लागते. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या युरोपात राजाचा जो धर्म तोच प्रजेचा, हा रिवाज होता. इंग्लंडमध्ये राजा हाच चर्चचा प्रमुख. आजही तिथल्या वरिष्ठ सभागृहात 26 बिशप बसतात. चर्चचा खर्च सरकारी वसुलीतून भागायचा, आणि चर्चला न जाणं हा गुन्हा होता. या चर्चमध्ये अजून पुरेशी शुद्धी झालेली नाही, असं मानणारे ते प्युरिटन. त्यांचा छळ झाला, आणि त्यांतले हजारो 1630 पासून बोटीत बसून मॅसॅच्युसेट्सला आले.

ते धर्मस्वातंत्र्यासाठी आले, असं शाळेत शिकवतात. ते खरं आहे, पण स्वतःच्या धर्मस्वातंत्र्यासाठी. नव्या भूमीवर त्यांनी जे उभं केलं त्यात मताचा अधिकार फक्त त्यांच्या मंडळीच्या (मंडळी म्हणजे एका चर्चचे सगळे सभासद) पुरुष सभासदांना होता आणि न्यायाधीश पाखंडाबद्दल शिक्षा करत. 1659 ते 1681 या काळात तिथे नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता! बायबलमध्ये या सणाची आज्ञा नाही, असं त्यांचं म्हणणं. मावशीला हे सांगितलं तेव्हा तिचा विश्वासच बसेना. ख्रिस्ती लोकांनीच, ख्रिस्ताच्या नावानं, नाताळ बंद केला होता.

दंडावर भागलं असतं तर बरं होतं. 1651 साली ओबादिया होम्स नावाचा बाप्टिस्ट माणूस लिन गावात एका अंध, वृद्ध सभासदाच्या घरी उपासनेसाठी गेला. लहान बाळांचा बाप्तिस्मा बायबलला धरून नाही, स्वतः विश्वास कबूल केलेल्या माणसानंच तो घ्यावा, एवढाच बाप्टिस्टांचा मुख्य आग्रह. त्याला पकडून बोस्टनला नेलं. दंड भर नाहीतर फटके खा, असा निकाल झाला. मित्र दंड भरायला तयार होते, पण दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, म्हणून त्यानं नकार दिला. तीन पदरी चाबकाचे तीस फटके त्यानं खाल्ले, आणि मारणाऱ्या अधिकाऱ्यांना म्हणाला की तुम्ही मला जणू गुलाबांनी मारलंत. पुढे 1660 साली मेरी डायर या क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या बाईला बोस्टनमध्ये फाशी दिलं. हद्दपार केलं तरी ती परत येत राहिली, एवढाच तिचा अपराध. आज तिथल्या राज्याच्या विधानभवनासमोर तिचा पुतळा आहे. मी तो पाहिला तेव्हा बराच वेळ हलवेना. हात मांडीवर ठेवून ती खाली मान घालून बसलेली आहे.

याच मॅसॅच्युसेट्समध्ये 1631 साली रॉजर विल्यम्स नावाचा तरुण पाळक, म्हणजे धर्मोपदेशक, आला होता. या सगळ्या कथेत मला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस हाच. बोस्टनच्या मंडळीनं त्याला शिक्षकपद देऊ केलं, त्यानं ते नाकारलं. मंडळी पुरेशी शुद्ध नाही, असं त्याचं म्हणणं, म्हणजे हा प्युरिटनांहूनही कडक! विश्वास ढिला झाला म्हणून स्वातंत्र्याकडे वळलेल्यांतला तो नव्हता. विश्वास फार जपायचा म्हणून तो तिकडे गेला.

त्याची मतं थोडक्यात अशी. दहा आज्ञांपैकी पहिल्या चार माणूस आणि देव यांच्यातल्या आहेत, त्या मोडल्याबद्दल शिक्षा करण्याचा न्यायाधीशाला अधिकार नाही. ही जमीन इथल्या मूळ रहिवाशांची आहे, इंग्लंडच्या राजाला ती दान करण्याचा हक्क कुठून आला? आणि तिसरं मत मला सर्वांत खोल वाटतं: ज्याचं मन देवाकडे वळलेलं नाही त्याच्याकडून सरकारनं देवाच्या नावानं शपथ घेववली, तर देवाचं नाव व्यर्थ घेण्याचं पाप सरकारच त्याच्याकडून करवून घेतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे परत यायचं आहे.

1635 साली त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. 1636 च्या जानेवारीत, त्याला पकडून इंग्लंडला पाठवायच्या बेतात असताना, तो भर बर्फात घर सोडून निघाला. नॅरागॅन्सेट या तिथल्या मूळ रहिवाशांची भाषा तो शिकला होता. त्यांनीच त्याला आसरा दिला. त्यांचे प्रमुख कॅनोनिकस आणि मिआंतोनोमी यांच्याकडून जागा घेऊन त्यानं वसवलेल्या गावाचं नाव प्रॉव्हिडन्स, म्हणजे देवाची तरतूद. तेच पुढे ऱ्होड आयलंड. तिथे क्वेकर आले, बाप्टिस्ट आले, पुढे ज्यू लोकही आले. अमेरिकेतली पहिली बाप्टिस्ट मंडळी त्यानंच 1638 च्या सुमारास उभी केली, आणि काही महिन्यांत तीही सोडली.

1644 साली त्यानं लिहिलं की मंडळी ही बाग आहे आणि जग हे रान आहे. या दोहोंमध्ये जे कुंपण, जी भिंत असायला हवी, तिला भगदाड पडलं की देव ती भिंत मोडूनच टाकतो आणि बागेचं रान होतं. ही प्रतिमा नीट बघितली पाहिजे. विल्यम्सला काळजी आहे ती बागेची. रानाला कुंपणाची गरज नसते. सत्ता, वसुली, तुरुंग, फाशी ही रानातली साधनं. ती बागेत शिरली की फुलं तुडवली जातात. आपल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

त्याचा मुख्य आधार होता मत्तयाच्या तेराव्या अध्यायातला निदणाचा दृष्टान्त. गव्हात वैऱ्यानं निदण पेरलं. चाकर म्हणाले, उपटून टाकू का? धनी म्हणाला, नको. निदण उपटताना गहूही उपटाल, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. बोस्टनच्या जॉन कॉटन या मोठ्या पाळकाशी विल्यम्सचा वर्षानुवर्षं वाद चालला तो बराचसा या एका दृष्टान्ताच्या अर्थावर. विल्यम्स म्हणे, शेत म्हणजे जग, आणि कापणी करणारे देवदूत आहेत, न्यायाधीश नव्हेत. लादलेली उपासना देवाच्या नाकाला दुर्गंधीसारखी वाटते, असं त्यानं 1670 साली एका पत्रात लिहिलं.

मग गावात शिस्त नको का? असं त्यालाही लोक विचारत. 1655 साली त्यानं प्रॉव्हिडन्सच्या गावकऱ्यांना जहाजाचं उदाहरण दिलं. एका जहाजात कॅथलिक आहेत, प्रोटेस्टंट आहेत, ज्यू आहेत, तुर्क म्हणजे मुसलमान आहेत. जहाजावरच्या प्रार्थनेला यायची कुणावर सक्ती नको, आणि ज्याला त्याला आपापली प्रार्थना करायला मनाई नको. पण जहाज कुठे न्यायचं ते कप्तान ठरवणार, भाडं सर्वांनी भरायचं आणि बंड करणाऱ्याला शिक्षा होणार. साडेतीनशे वर्षं होऊन गेली, याहून सोपं मला अजून कुणी समजावलेलं नाही.

विल्यम्सचं म्हणणं तेव्हा फारसं कुणी ऐकलं नाही. शंभर वर्षांनी तोच वाद व्हर्जिनियात पेटला. तिथे चर्च ऑफ इंग्लंड सरकारी होतं, आणि परवान्याशिवाय उपदेश करणारे बाप्टिस्ट तुरुंगात जात. 1774 साली बावीस वर्षांच्या जेम्स मॅडिसननं, जो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला, मित्राला संतापून लिहिलं की शेजारच्या काउंटीत पाच-सहा भले लोक केवळ आपली धर्ममतं सांगितली म्हणून कोठडीत आहेत. स्वातंत्र्य मिळाल्यावर पॅट्रिक हेन्री या मोठ्या पुढाऱ्यानं एक मवाळ योजना आणली: कर सगळ्यांनी भरावा, पण आपला पैसा कोणत्या ख्रिस्ती पंथाच्या पाळकाला जावा ते ज्याचं त्यानं सांगावं. वरवर पाहता किती न्याय्य! मॅडिसननं 1785 साली तिला कडाडून विरोध केला. जी सत्ता आज सगळे धर्म बाजूला सारून ख्रिस्ती धर्म बसवू शकते, ती उद्या बाकीचे पंथ बाजूला सारून एकच पंथही बसवील, असा त्याचा युक्तिवाद होता. बाप्टिस्ट आणि प्रेस्बिटेरियन मंडळ्यांनी आपले विरोधाचे अर्ज पाठवले. ती योजना पडली, आणि जानेवारी 1786 मध्ये थॉमस जेफरसन या पुढाऱ्यानं लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा तिथे मंजूर झाला. 1791 साली राष्ट्रीय संविधानाची पहिली दुरुस्ती आली: काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, कोणताही धर्म सरकारी करणार नाही आणि धर्मपालनाला मनाईही करणार नाही. मूळ इंग्रजीत हे कलम अवघ्या सोळा शब्दांचं आहे.

मावशीला सर्वांत आवडलेली गोष्ट आता येते. मॅसॅच्युसेट्समधल्या चेशायर गावचा बाप्टिस्ट पाळक जॉन लेलँड. व्हर्जिनियात असताना त्यानं मॅडिसनच्या बाजूनं लोक उभे केले होते. जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाला तेव्हा चेशायरच्या शेतकऱ्यांनी ठरवलं की याला भेट पाठवायची. गावभरचं दूध एकत्र करून, सफरचंदाचा रस काढायच्या दाबयंत्रात दाबून त्यांनी एकच चीज बनवलं. वजन 1,235 पौंड, म्हणजे साडेपाचशे किलोच्या वर. लेलँड ते शेकडो मैल वाजतगाजत घेऊन गेला, आणि 1 जानेवारी 1802 ला राष्ट्राध्यक्षांच्या घरी पोचवलं. सोबतच्या निवेदनात गावकऱ्यांनी मुद्दाम लिहिलं होतं की हे चीज स्वतंत्र शेतकऱ्यांनी आणि त्यांच्या बायका-मुलींनी बनवलं आहे, यात एकाही गुलामाची मजुरी नाही. ज्याला ते दिलं त्याच्या घरी गुलाम होते.

त्याच दिवशी जेफरसननं एका पत्रावर सही केली. कनेटिकटमधल्या डॅनबरीच्या बाप्टिस्टांनी त्याला लिहिलं होतं: आमच्या राज्यात आम्हाला जे धर्मस्वातंत्र्य मिळतं ते हक्क म्हणून मिळत नाही, मेहेरबानी म्हणून मिळतं. त्यांच्या राज्यात काँग्रिगेशनल चर्चसाठी कर होता, आणि तो चुकवायचा तर आपण दुसऱ्या पंथाचे आहोत असा दाखला सादर करावा लागे. उत्तरात जेफरसननं तो प्रसिद्ध शब्दप्रयोग केला, चर्च आणि राज्य यांच्यामधली भिंत. म्हणजे हे शब्द लिहिले गेले ते एका मंडळीला धीर देण्यासाठी. आणि दोनच दिवसांनी, रविवारी, लेलँडनं संसदेच्या सभागृहात उपदेश केला, आणि जेफरसन तो ऐकायला गेला. त्या काळच्या लोकांना यात काही विसंगत वाटलं नाही.

इथे एक तांत्रिक गोष्ट पटकन सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळणार नाही. ती पहिली दुरुस्ती फक्त राष्ट्रीय सरकारला लागू होती. राज्यांना नव्हती. म्हणून कनेटिकटमध्ये चर्चचा कर 1818 पर्यंत आणि मॅसॅच्युसेट्समध्ये 1833 पर्यंत चालू राहिला. विसाव्या शतकात, 1940 च्या दशकातल्या निकालांनी सर्वोच्च न्यायालयानं ती राज्यांना, आणि पर्यायानं गावच्या शाळेलाही, लागू केली. शाळेतल्या प्रार्थनेचे सगळे वाद त्यानंतरचे आहेत ते यामुळे.

सरकारी आधार काढला तर मंडळ्या कोसळतील, अशी भीती पुष्कळांना होती. झालं उलटंच. पाळकाला पगार हवा तर लोकांनी स्वखुशीनं द्यायला हवा, आणि लोकांनी द्यायचं तर त्यांना मंडळी आपली वाटायला हवी. एकोणिसाव्या शतकात मेथडिस्ट आणि बाप्टिस्ट घोड्यावरून वस्त्यावस्त्यांत गेले आणि सर्वांत मोठे पंथ झाले. आजही आमच्या मंडळीत वर्षाच्या शेवटी एक कार्ड येतं. पुढच्या वर्षी तुम्ही किती द्याल ते त्यावर लिहायचं. सक्ती नाही, पण छप्पर गळायला लागलं तर ते याच कार्डांवर दुरुस्त होतं. उपासनेनंतर तळघरात जेवण असतं, प्रत्येकानं एकेक पदार्थ घरून आणायचा. मावशीनं दुसऱ्या रविवारी शेंगदाण्याची चटणी आणि थालीपीठं नेली. नगरला कापणीच्या सणाला लोक कोंबडी, भोपळा, कणसं घेऊन येतात आणि देवळातच, म्हणजे चर्चमध्येच, लिलाव होतो, ते तिला आठवलं. "आपल्यासारखंच आहे की," ती म्हणाली.

आपल्यासारखं असण्याला कारणही आहे. नगरची मंडळी या स्वेच्छेच्या वर्गणीतूनच उभी राहिली. अमेरिकन बोर्ड ही मिशनरी संस्था 1810 साली स्थापन झाली. तिचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा ख्रिस्ती म्हणवणारं कंपनी सरकारच त्यांना परत पाठवायला निघालं होतं. व्यापारात आणि राज्यकारभारात अडथळा नको, हे कारण. ते टिकले, 1831 साली अहमदनगरला ठाणं झालं, आणि 1842 पासून तिथून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघू लागलं. पैसा यायचा तो न्यू इंग्लंडच्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्स-कनेटिकटकडच्या, खेड्यांतल्या मंडळ्यांतून, नाण्यानाण्यानं.

पंडिता रमाबाईंचंही तेच. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या 1886 मध्ये फिलाडेल्फियाला आल्या आणि जवळजवळ तीन वर्षं देशभर व्याख्यानं देत फिरल्या. त्याआधी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांचा तिथल्या धर्मगुरूंशी खटका उडाला होता. हिंदुस्थानातल्या भटांचं जू मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलं आहे, लगेच दुसरं तसलंच जू घेणार नाही, अशा आशयाचं त्यांनी लिहून कळवलं होतं. अशा बाईला अमेरिकेतल्या स्वयंसेवी मंडळ्या आणि स्त्रियांच्या संस्था पाहून काय वाटलं असेल? परत आल्यावर 1889 साली त्यांनी मराठीत अमेरिकेवर पुस्तक लिहिलं, त्यात तिथल्या पंथांची आणि धर्मादाय संस्थांची दखल आहे. त्यांचं शारदासदन चालवायला बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशननं दहा वर्षांची हमी घेतली, तीही लोकवर्गणीतूनच.

पण इथवर येऊन थांबले तर मी अर्धंच सांगितलं असं होईल. सरकारपासून सुटलेली मंडळी समाजाच्या तावडीतून सुटतेच असं नाही. पाळकाचा पगार मंडळीतले मळेवाले देणार असतील तर गुलामगिरीविरुद्ध कोण बोलणार? आपल्याकडे म्हणतात ना, कुंपणच शेत खातं. फिलाडेल्फियाच्या एका मेथडिस्ट चर्चमध्ये काळ्या सभासदांना गुडघे टेकलेले असताना, प्रार्थना चालू असताना, उठवण्यात आलं. रिचर्ड ॲलन आणि त्याचे सोबती बाहेर पडले आणि 1794 साली त्यांनी स्वतःचं बेथेल चर्च उभं केलं. पुढे 1845 मध्ये दक्षिणेतले बाप्टिस्ट वेगळे झाले, कारण गुलाम बाळगणारा माणूस मिशनरी होऊ शकतो असं त्यांना म्हणायचं होतं. ज्यांच्या पूर्वजांनी विवेकासाठी फटके खाल्ले त्यांनीच हे केलं. त्याबद्दल त्या पंथानं क्षमा मागितली ती 1995 साली. मार्टिन ल्यूथर किंग म्हणत, चर्चनं राज्याचं मालक होऊ नये आणि नोकरही होऊ नये, त्याची सदसद्विवेकबुद्धी व्हावं. हे म्हणणारा माणूस रिचर्ड ॲलनसारख्यांनी राखलेल्या परंपरेतून आला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता नोटेवरच्या वाक्याकडे येऊ. ते संस्थापकांनी लिहिलेलं नाही. यादवी युद्धाच्या धामधुमीत एका पाळकानं अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं आणि 1864 साली दोन सेंटच्या नाण्यावर ते पहिल्यांदा आलं. कागदी नोटेवर आलं 1957 पासून, आदल्या वर्षी ते राष्ट्राचं ब्रीद ठरल्यावर. सोव्हिएत रशियाशी शीतयुद्ध चालू होतं, आणि ते निरीश्वरवादी तर आम्ही देवाचे, हे दाखवायचं होतं. शाळेत मुलं झेंड्यापुढे जी प्रतिज्ञा म्हणतात तिच्यात 'देवाच्या छत्राखाली' या अर्थाचे शब्द 1954 साली घातले गेले. मूळ प्रतिज्ञा 1892 ची. ती लिहिणारा फ्रान्सिस बेलामी हा बाप्टिस्ट पाळक होता, आणि त्यानं तिच्यात देवाचं नाव घातलेलं नव्हतं.

ती प्रतिज्ञा म्हणायला कुणी नकार दिला तर? यहोवाच्या साक्षीदार पंथातल्या मुलांनी दिला. झेंड्याला सलाम करणं त्यांना मूर्तिपूजेसारखं वाटे. 1940 साली सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतानं त्यांच्याविरुद्ध निकाल दिला, आणि त्यानंतर देशभर या पंथाच्या लोकांना मारहाण झाली. तीनच वर्षांत, ऐन महायुद्धात, 1943 साली न्यायालयानं स्वतःचा निकाल फिरवला. राजकारणात, धर्मात वा देशप्रेमात कोणतं मत खरं हे लहानमोठा कुठलाही अधिकारी ठरवू शकत नाही, असं न्यायमूर्ती जॅक्सन यांनी लिहिलं. 1986 साली केरळातल्या तीन मुलांचा खटला आपल्या सर्वोच्च न्यायालयात आला. तीही याच पंथाची. राष्ट्रगीताला ती आदरानं उभी राहत, पण गात नसत, म्हणून शाळेनं त्यांना काढलं होतं. आपल्या न्यायालयानं मुलांना परत शाळेत घ्यायला लावलं, आणि निकालात या अमेरिकन निकालांचा विचार केला. मावशी शिक्षिका होती. ती म्हणाली, "उभी राहत होती ना? मग झालं की."

शाळेतल्या प्रार्थनेबद्दल तर दोन्हीकडे गैरसमज आहेत. 1962 चा मूळ खटला न्यूयॉर्कचा. तिथल्या राज्याच्या शिक्षण मंडळानं बावीस शब्दांची एक प्रार्थना स्वतः तयार केली होती, कुणालाच टोचणार नाही अशी. ज्याला नको त्यानं गप्प राहावं, अशी सोयही होती. तरी न्यायालयानं सांगितलं की प्रार्थना लिहिणं हे सरकारचं काम नाही. मुलांनी प्रार्थना करायला बंदी झालेली नाही. माझा मुलगा डबा उघडताना डोळे मिटतो, त्याला कुणी अडवत नाही. मुलं मिळून शाळा सुटल्यावर बायबल वाचू शकतात. मनाई आहे ती शाळेच्या वतीनं प्रार्थना घ्यायला. ही रेघ नेमकी कुठे ओढायची यावर वाद चालूच असतो. सामन्यानंतर मैदानावर गुडघे टेकणाऱ्या फुटबॉल प्रशिक्षकाच्या बाजूनं 2022 मध्ये न्यायालयानं सहा विरुद्ध तीन निकाल दिला, आणि आमच्याच मंडळीत त्यावर दोन तट पडले.

मी स्वतः त्या बावीस शब्दांबद्दल खूप विचार केला आहे. त्यात येशूचं नाव नाही, क्षमा नाही, क्रूस नाही. सर्वांना चालावी म्हणून जे जे जिवंत होतं ते काढून टाकलेली ती प्रार्थना होती. आणि हे पुन्हा पुन्हा घडतं. ऱ्होड आयलंडमध्ये, प्रॉव्हिडन्सला लागूनच पॉटकेट नावाचं शहर आहे. तिथली नगरपालिका नाताळात गव्हाणीतल्या बाळ येशूचा देखावा मांडायची. खटला झाला. 1984 साली सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी देखाव्याला परवानगी दिली, पण ती कशाच्या जोरावर? आजूबाजूला सांताचं घर होतं, रेनडिअर होते, विदूषक आणि अस्वलाचे पुतळे होते, म्हणजे एकूण मामला सणाच्या सजावटीचा, धर्माचा नव्हे! पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी आनंद केला. मला मात्र तिथून जवळच पुरलेला रॉजर विल्यम्स आठवतो. नोटेवरच्या ब्रीदाबद्दलही न्यायालयांनी असंच म्हटलं आहे, की ते देशभक्तीचं, समारंभाचं वाक्य आहे. सरकारच्या तोंडून देवाचं नाव टिकवायचं तर ते देवाचं नाव नाहीच, असं आधी सिद्ध करावं लागतं. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये, ही तिसरी आज्ञा. त्या शपथेबद्दल विल्यम्स जे म्हणत होता ते हेच.

आणि रविवार. 1961 साली रविवारबंदीच्या कायद्यांचा निकाल लागला. न्यायालयानं कायदे राखले, कारण मूळ धार्मिक असला तरी आता रविवार हा सर्वांच्या विश्रांतीचा दिवस आहे. त्याच दिवशी फिलाडेल्फियाच्या ज्यू दुकानदारांचं म्हणणं फेटाळलं गेलं. त्यांचा शब्बाथ शनिवारी. त्यांची दुकानं शनिवारी देवासाठी बंद आणि रविवारी सरकारसाठी बंद. बर्गन काउंटीत 1993 साली लोकांनी मतदान करून ही बंदी कायम ठेवली. का हवी म्हणून शेजाऱ्यांना विचारा, बहुतेक जण सांगतील, एक दिवस रस्त्यावर गाड्या कमी असतात.

मावशीला मी हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. मग मी तिला चिक-फिल-एच्या दुकानावरून नेलं. ही कोंबडीच्या सँडविचची मोठी साखळी, देशभर पसरलेली. तिचा संस्थापक बाप्टिस्ट होता. त्यानं 1946 साली जॉर्जियात पहिलं हॉटेल काढलं तेव्हापासून रविवारी बंद. शेजारच्या काउंटीत सगळी दुकानं धो धो चालू असताना याच्या दारावर कुलूप असतं. कुणी सांगितलेलं नाही, कायदा नाही. धंद्याचं नुकसान त्याचं त्यानं सोसायचं.

"नगरला आपला तो शिंपी होता," मावशी म्हणाली. "दिवाळीच्या हंगामात रविवारी गिऱ्हाईक दारात उभं असायचं, आणि हा माणूस मशिनवर चादर टाकून देवळात. बाकीची सगळी पेठ उघडी असायची." नाव आठवत नव्हतं तिला. घरी येईपर्यंत ती तेच आठवत बसली.

बॅग आम्ही सोमवारी घेतली.